बाहेरच्या खोलीतली खाण

आदरणीय दादा,

सविनय नमस्कार. आपल्या गुडघ्याची आणि वहिनींच्या रक्तदाबाची चौकशी आरंभीच करून ठेवतो, कारण पत्र संपेपर्यंत आपण तिला उत्तर देण्याच्या मनःस्थितीत असाल याची मला खात्री नाही. आपल्या बहिणीची प्रकृती आता स्थिर आहे. ('आता' हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे.) ती चार दिवसांपासून इस्पितळात आहे. असे का झाले, हे आपणांस इतरांकडून तुटक कळण्यापेक्षा माझ्याकडून क्रमवार कळावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

निवृत्तीनंतर मी आभासी चलनाचे मायनिंग करणारा संगणक घरी बांधायला घेतला, हे आपण जाणता. मायनिंग म्हणजे खाणकाम, पण यात खणत कोणीच नाही. असे समजा, की एका कुलपाच्या अब्जावधी किल्ल्या आहेत आणि खरी कोणती हे कोणालाच ठाऊक नाही. जगभरचे संगणक एकेक किल्ली लावून पाहत बसतात. ज्याची लागली त्याला नवे चलन मिळते, बाकीच्यांना नुसता उकाडा. हे मी आपल्या बहिणीला तीनदा समजावले. घरीही तिच्या नाकाला दिवसरात्र ऑक्सिजनची नळी असल्यामुळे तिला उठून जाता येत नाही, त्यामुळे विषय पूर्ण करता येतो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "कळलं. म्हणजे तुम्ही अंदाज बांधायला मशीन ठेवलंय." चौतीस वर्षे विज्ञान शिकवले, पण इतकी नेमकी व्याख्या एकाही विद्यार्थ्याने केली नव्हती.

बांधणी मी पद्धतशीर केली. बाहेरच्या खोलीतला चपलांचा लोखंडी रॅक धुऊन त्यावर चार ग्राफिक कार्डे बसवली, सहा पंखे लावले आणि प्रत्येक वायरीला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली. संगणक चार दिवस सुरू झाला नाही. पाचव्या दिवशी पॉवर सप्लायच्या मागे एक बटण असते असे आढळले. (त्या चार दिवसांत मी पुस्तिका दोनदा वाचली होती. बटणाचा उल्लेख मुखपृष्ठावर होता.) आमच्या वायरमनने रॅककडे पाहिले, भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिले आणि सांगितले, की सर, या लाइनवर मी इस्त्री लावायची झाली तरी आधी पंखा बंद करतो. मी त्याला कागदावर विद्युतभाराचे गणित काढून दाखवले. तो गणित संपायच्या आतच निघून गेला.

गणित अचूक होते, दादा. चूक वह्यांची होती. माझ्याकडे 'घरगुती वीज' आणि 'आजारपण' अशा दोन स्वतंत्र वह्या आहेत. फ्रिज, दिवे, पंखे, पाण्याचा पंप हे सर्व पहिल्या वहीत होते आणि बेरीज मी त्याच वहीतून केली. आपल्या बहिणीचे ऑक्सिजनचे यंत्र, त्याच्या वॅटसह, दुसऱ्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

मंगळवारी दुपारी मी चौथे कार्ड पूर्ण भारावर चालवले आणि सगळे घर बंद पडले. प्रयोगशाळेत मी मुलांना एकच शिस्त लावली होती, की आधी निरीक्षण नोंदवावे, मग हात लावावा. त्याप्रमाणे मी बसलो आणि कोणता पंखा कितव्या क्रमांकाने थांबला, कार्डे किती तापली होती, वास कोठून येतो आहे, हे लिहीत गेलो. वहीत अखेरची नोंद अशी आहे: 'शेजारून बारीक, एकसुरी आवाज. उगम अज्ञात.' तो आवाज शेजारच्या खोलीतल्या ऑक्सिजनच्या यंत्राचा होता. वीज गेल्यावर ते ओरडते, हे दुसऱ्या वहीत लिहिले आहे.

जादा सिलिंडर तिच्या उशाशीच होता, पण त्याची चावी फिरवण्याइतके बळ तिच्या बोटांत नाही. आवाजाचा उगम शोधत मी तेथे पोहोचलो तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. मी चावी फिरवली, नळी लावली. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले. तिने माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिले.

डॉक्टरांनी विचारले, की अंदाजे किती वेळ ऑक्सिजन नव्हता. अशा प्रसंगी लोक गोंधळलेले असतात, नक्की सांगू शकत नाहीत. मी वही उघडून चार मिनिटे वीस सेकंद असे सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. ती शेजारच्याच खाटेवर जागी होती. (ती झोपली आहे असा माझा अंदाज होता.)

वायरमनने परवा तिच्या खोलीसाठी वेगळी लाइन ओढून दिली. या वेळी मी त्याला काही समजावले नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ असावा असे म्हणण्याचा अधिकार उरला आहे की नाही, हे आपणच ठरवावे.

आपला, अद्याप तरी,
मेहुणा

ता. क. १. सोमवारी तिला घरी सोडणार आहेत. तो रॅक घरात असेपर्यंत मी उंबरा ओलांडणार नाही, असे तिने नर्सबाईंकरवी कळवले आहे. आता मूळ मुद्दा. आपल्या गच्चीवरची खोली रिकामी आहे आणि आपले वायरिंग नवे आहे. संगणक तेथे ठेवता येईल काय? आपल्याला काहीही करावे लागणार नाही. सूचनांची बारा पाने सोबत जोडली आहेत.

ता. क. २. हे पत्र मी तिला वाचून दाखवले. तिने थांबत थांबत पुढील मजकूर सांगितला, तो जसाच्या तसा देतो: "दादा, ते मशीन घेऊन जा आणि त्याच्याबरोबर ह्यांनाही ने. माझ्याजवळ नर्सबाई राहतील, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. मला कुणी काही समजावून न सांगता नुसता श्वास घ्यायचाय."

किती दिवसांसाठी, हे तिने सांगितले नाही. मी विचारलेले नाही.