केस पेपरवरचा शेरा

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

कंपनीतून आलो तर नलू मोरीच्या कट्ट्याशी बसलेली. उजव्या बरगडीखाली मूठ दाबून. काय झालं विचारलं. "काही नाही, तेच." तेच म्हणजे पोटाचं दुखणं. तिसरा आठवडा. मी म्हणालो, गोळी घेतलीस का. मी पोटाच्या गोळीचं विचारत होतो. तिला वाटलं दुसरी, मनाची. म्हणाली, "ती घेतली की नाही, एवढंच विचारता तुम्ही हल्ली."

चहा न घेताच बाहेर पडलो. नाहूरच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत.

५ फेब्रु., बुधवार

हाफ डे टाकून तिला पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण, बरा वाटला. पोट दाबून बघत होता, एका ठिकाणी नलू कळवळली. तेवढ्यात मी जुना केस पेपर पुढे केला. मीच केला, कुणी मागितला नव्हता. त्यावर मानसोपचार विभागाचा शिक्का, खाली 'डिप्रेशन', खाली गोळ्या.

त्याने हात काढून घेतला. मग प्रश्नच बदलले. झोप लागते का. घरात कुणाशी पटत नाही का. रडू येतं का. पेपरवर इंग्रजीत शेरा मारला: पोटाची तक्रार, कारण मानसिक. एक इंजेक्शन, घरी जा.

बाहेर बाकावर नलू म्हणाली, "रडू येतं का विचारायचं होतं, तर आधी पोट कशाला दाबलं?"

मी रिक्षा शोधत राहिलो.

९ फेब्रु., रविवार

खरं ते इथे तरी लिहावं. गेल्या एप्रिलमध्ये नलूने बोलणं सोडलं होतं. आंघोळीला ऊठ म्हटलं की "कशाला" म्हणायची. शिवणाचं मशीन झाकलेलं ते झाकलेलंच. त्याच पालिकेच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या चालू केल्या आणि दसऱ्यापर्यंत ती पुन्हा माणसात आली. म्हणून आता काहीही झालं की मला ते दिवस आठवतात आणि घाम फुटतो. या तीन आठवड्यांत तिला कितीदा म्हणालो असेन, मनावर घेऊ नकोस. कॅज्युअल्टीतल्या त्या पोराने शेरा आत्ता मारला. मी आधीच मारून बसलो होतो.

आज शुभा म्हणाली, "बाबा, आईने भात कालवून घेतला होता. तिला भूक होती. दुखायला लागलं म्हणून ताट सारलं. आधी ती ताटच वाढून घ्यायची नाही. फरक आहे ना."

नववीतली मुलगी. तिला कळतं.

११ फेब्रु., मंगळवार

परत कॅज्युअल्टी. आज दुसरा डॉक्टर. नलूकडे बघायच्या आधी पहिल्याचा शेरा वाचला. "बघितलंय की आधी." पोटाला हातसुद्धा लावला नाही. तेच इंजेक्शन.

येताना नलूला दुखतंय का, विचारलं. "नाही." चेहरा पांढरा. आता सांगणंच बंद केलंय की काय.

१४ फेब्रु., शुक्रवार

कंपनीच्या टाइम ऑफिसमधल्या परबला सगळं सांगितलं. घाटकोपरला एक नर्सिंग होम आहे म्हणाला, सोनोग्राफीचं नवीन मशीन आलंय. मग आवाज खाली करून, "पण तो डोक्याचा कागद दाखवू नको यार. नवीन पेपर काढ. माझ्या मेव्हण्याची तशीच वाट लावली होती."

संध्याकाळी नलूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे मला लपवायचं."

"तुला नाही गं. कागद."

तिने पोळी उलटली. "बरं."

जुनी फाइल ट्रंकेत, चादरींच्या खाली.

१७ फेब्रु., सोमवार

घाटकोपर. कोरा पेपर. सर्जन पन्नाशीचे. नलूशी बोलले, माझ्याशी नाही. कधी दुखतं, जेवल्यावर किती वेळाने, पाठीत जातं का, खांद्यात? ती एकेक सांगत गेली. इतकं सलग बोलताना मी तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. यातलं निम्मं मलाही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

उपाशीपोटी आलीच होती म्हणून सोनोग्राफी लगेच झाली. पित्ताशयात खडे. फोटोत दाखवले, पांढरे ठिपके आणि त्यांच्यामागे काळी सावली. नलू फोटो हातात घेऊन बसली. "हे माझे?" आणि हसली. खडे निघाले म्हणून हसणारी बाई डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. मला कळलं ती का हसली. मान खाली घातली.

ऑपरेशन करायचं. गुरुवारी अॅडमिट.

२० फेब्रु., गुरुवार

अॅडमिट केलं. फॉर्मवर रकाना: दुसरा आजार? नेहमीची औषधं? दोन्हीकडे 'नाही' लिहिलं. अक्षर मुद्दाम नीट काढलं, का कोण जाणे.

गोळ्या कागदाच्या पुडीत, डब्याच्या झाकणाखाली. बंद करून चालणार नाही, एप्रिल परत नको.

वॉर्ड स्वच्छ. सिस्टर दर वेळी विचारते, "दुखतंय का ताई?" ताई हो म्हणाल्या की पाच मिनिटांत इंजेक्शन. खोटं बोलून मिळालं, पण मिळालं.

२२ फेब्रु., शनिवार

भेटायच्या वेळेत पुडी दिली. तिने गोळी पदराआड तोंडात टाकली.

"चोरून घेतलेलं औषध लागू पडतं का हो?"

पडतं म्हणालो.

"बाजूच्या बाई रक्तदाबाच्या गोळ्या सगळ्यांसमोर खातात. नवरा पाणी ओतून देतो."

२४ फेब्रु., सोमवार

उद्या ऑपरेशन ठरलेलं. संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर तपासायला आले. मी होतो. त्यांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी नाही म्हणालो. फॉर्मवर आहेच म्हणालो.

नलू म्हणाली, "घेते मी. दहा महिने झाले." उशीखालून पुडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. नावही सांगितलं, बरोबर. "मला डिप्रेशन आहे. यांनी भीतीपोटी लिहिलं नाही."

डॉक्टरांनी गोळी उलटसुलट करून पाहिली. "बरं झालं बोललात. या गोळ्या चालू असताना भूल दिली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी कळलं तर सांभाळता येतं." मग माझा फॉर्म वर घेतला आणि ते 'नाही' वाचत बसले.  मला रागावले असते तर बरं.

 मी तिला वाचवायला निघालो होतो आणि

२५ फेब्रु., मंगळवार

ऑपरेशन नाही. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, आधी मनाच्या डॉक्टरचं पत्र आणा, मग बघू. घाई नाही. सतरा तारखेला हेच सर्जन म्हणाले होते, लांबवू नका.

नलूची खाट सिस्टरच्या टेबलाला लागून आणली, नजरेखाली राहावी म्हणून. बांगड्या, पिना, कंगवासुद्धा काढून ठेवायला लावला. दुपारी दुखायला लागलं. सिस्टर माझ्याशी बोलली, तिच्या डोक्यावरून. "जरा शांत पडू द्या त्यांना. अशा पेशंटना जास्त वाटतं." इंजेक्शन दीड तासाने. तीच सिस्टर. ताई म्हणायचंही बंद झालं.

फोटो तोच आहे. खडे तेच आहेत.

सासूबाई कणकवलीहून आल्या, शुभाजवळ राहायला. सगळं ऐकून म्हणाल्या, "माज्या चेडवाच्या पोटात खडे, आनि ह्ये डोक्यात काय ता बघतत?" नंतर बराच वेळ देवासमोर बसून होत्या.

नलूला म्हणालो, कशाला बोललीस. लगेच लाज वाटली. ती म्हणाली, "दोन डॉक्टरांनी मला अर्धीच बघितली. तिसऱ्यानेपण अर्धीच बघितली, दुसरी अर्धी. मी कंटाळले."

२७ फेब्रु., गुरुवार

पालिकेचं हॉस्पिटल, वरचा मजला. व्हरांड्यात माणसं जमिनीवर बसलेली, पंखा बंद, आत एका टेबलाला दोन डॉक्टर. साडेतीन तासांनी नंबर लागला. डॉक्टरबाईंनी केस पेपर उघडायच्या आत विचारलं, "नलिनीताईंचं मशीन चालू झालं का परत?" ब्लाउज शिवते हे त्यांच्या लक्षात होतं. 

सगळं सांगितलं, फॉर्मसकट.

"लपवलंत ते चूक केलंत. का लपवलंत ते मला माहीत आहे." लिहिता लिहिता म्हणाल्या, "पोटदुखी खरी आहे आणि डिप्रेशनमुळे ऑपरेशन थांबवायचं कारण नाही, असं लिहिलंय. गोळ्यांचंही लिहिलंय. खाली सही आणि शिक्का. पेशंटने सांगून पुरत नाही ना."

म्हणालो, खाली तुमच्याच कॅज्युअल्टीत तिला दोनदा परत पाठवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझा शिक्का बघून पाठवलं असणार," म्हणाल्या. पुढचा नंबर आत आला होता.

१ मार्च, शनिवार

ऑपरेशन झालं. दीड तास. ठोके ठीक राहिले, भूल देणारे डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले. कालपासून नलूच्या अंगात कणकण होती, आणखी थांबलो असतो तर पित्ताशय फुगून बसलं असतं म्हणे. हे सर्जनच म्हणाले, घाई नाही म्हणणारे. 

३ मार्च, सोमवार

उठून बसली. पेज प्यायली. गोळी सिस्टरच्या हातून, सगळ्यांसमोर. शुभा परीक्षेचं वेळापत्रक दाखवून गेली.

५ मार्च, बुधवार

रजा वाढवून घेतली. दुपारी दोनला आलो तर नलू उजव्या कुशीला हात लावून पडलेली. सकाळपासून दुखतंय, अंगात थंडी. सकाळीच सिस्टरला सांगितलं होतं. सिस्टर म्हणाली, "ऑपरेशन झालंय, दुखणारच. त्यात यांचं तर..." वाक्य सोडून दिलं.

नलू म्हणाली, "घाबरलेय म्हणून सांगत नाही. ताप बघा."

चार वाजता बघतात, सिस्टर म्हणाली. आत्ता बघा म्हणालो आणि टेबलासमोर उभा राहिलो. भांडायचं ठरवलं होतं, पण नुसता उभा. पाचेक मिनिटांनी तिने थर्मामीटर लावला. मग माझ्याकडे दिला, घ्या बघा म्हणून. एकशे दोन.

मग सगळे हलले. सर्जनना फोन. ड्रेसिंग सोडलं, जखम लाल. सलाइन परत लावलं. सर्जन येतायत म्हणतात. सव्वापाच झाले. दोनदा खाली गेटापर्यंत जाऊन आलो. पॅसेजमध्ये बसून लिहितोय, आत जायचंय, आत गेलो की बाहेर यावंसं वाटतं.

मघाशी तिने विचारलं, "तुम्हाला वाटलं होतं ना, खरंच दुखतंय म्हणून?"

हो म्हणालो. पण आकडा वाचून झाल्यावर म्हणालो, आणि तिने मला वाचताना पाहिलं होतं.