दोन नावांची एक बाई

डिलाईल रोड, मुंबई १३
रविवार, २२ फेब्रुवारी १९५९

प्रिय शिवा,

जय महाराष्ट्र! हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब वाचणार, तेव्हा त्यांनाही नमस्कार. साहेब, यातलं मराठी तुम्हाला कळलं असेल, तर बेळगाव कुणाचं हा वाद इथेच मिटला.

एवढं लिहितोय तोच तुझ्या आईने डोक्यात टपली मारली. "मेल्या, चेडू झाला ता पयलां लिही! तुझां राजकारण मागसून." तर शिवा, मुलगी झाली. परवा शुक्रवारी सकाळी, परळच्या इस्पितळात. दोघी सुखरूप. नाक तुझं आहे, त्याला आता कुणाचा इलाज नाही.

जानेवारीच्या कार्डात मी 'वहिनी बऱ्या आहेत' लिहिलं होतं. ते खोटं होतं. पाय सुजून खांब झाले होते, डोळ्यांपुढे काजवे यायचे. विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि खडसावलं, "आजपासून उभं राहायचं नाही. नाहीतर तू तरी जाशील, नाहीतर मूल तरी." आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात तर अख्खी पाळी उभ्यानेच! तू सत्याग्रह करून आत, त्या घरी बसल्या तर चूल पेटायची कशी? रोज जात राहिल्या.

यावर कायद्यात उपाय आहे. विम्यातल्या कामगार बाईला बाळंतपणासाठी बारा आठवडे भत्ता मिळतो, त्यातले सहा आधी घेता येतात. कॉलेजच्या वादविवादात अशा कायद्यांना 'कागदी फुलं' म्हणून मी टाळ्या घेतल्या होत्या. कॉलेज अर्धवट टाकून इथे युनियनच्या ऑफिसात अर्ज लिहायला बसलो, आणि त्याच फुलांसाठी रांगेत उभा राहिलो.

अर्ज परत आला. कारण काय, तर लग्नात तू तांदळात काढलेलं नाव! आधीच्या गिरणीत त्या कांता धोंडू परब; लग्नानंतर वरळीच्या गिरणीत लागल्या त्या उर्मिला शिवराम सावंत. विम्याच्या दप्तरात बाया झाल्या दोन, आणि भत्त्याला लागणारे कामाचे दिवस एकीचेही पुरे भरेनात. दोघी एकच, याचा लेखी पुरावा आणा म्हणाले. लग्न तुमच्या गावाला, पत्रिका छापलेली नाही, भटजी तिकडेच. गावाहून काही येईपर्यंत थांबायला वेळ कुठे होता?

माझा स्वभाव तुला ठाऊक. कचेरीत टेबलावर मूठ आपटली. दौत कलंडली. शिपायाने कॉलर धरली. साहेब म्हातारे, चष्मा पुसत म्हणाले, "ओरडून दोन बायांची एक होत नाही हो. कागद आहे?"

शिवा, कागद माझ्या खिशात होता.

आता हात जड होतो. वहिनींनीच सांगितलं, "मास्तर, तुमीच लिवा. मी लिवलं तर त्यांना वाटंल सफाई देतेय." अख्ख्या रांगेने ऐकलंय, तू सुटून आलास की कुणीतरी मीठमसाला लावून सांगणारच. त्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

तुझ्या लग्नाआधी वर्षभर मी लालबागला रविवारचा साक्षरतेचा वर्ग घ्यायचो. कांता परब तिथे यायची. तिला सही तेवढी यायची, बाकीचं मी शिकवलं. ती आधी लांबलचक रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. मी त्या दोरीला लटकलो तो लटकलोच. तीन चिठ्ठ्या पाठवल्या. उत्तर नाही. कॉलेज का सोडलंस, असं तू विचारलंस तेव्हा मी 'चळवळ' म्हणालो. ते निम्मं खरं होतं. चौथी चिठ्ठी तिच्या लग्नानंतर पाठवली. तेव्हा तुझी-माझी ओळख नव्हती, ती पुढे युनियनच्या ऑफिसात झाली, पण गुन्हा तो गुन्हाच. त्या चिठ्ठीला मात्र उत्तर आलं. तिने आयुष्यात लिहिलेलं पहिलं पत्र:

"मास्तर, मी आता उर्मिला शिवराम सावंत. आमचे हे चांगले आहेत. परत चिठी पाठवू नका, नाहीतर त्यांना सांगेन. आधीची कांता धोंडू परब."

खाली तारीखही घातली होती. तारीख घालायला मीच शिकवलं होतं.

वर्षभर ती चिठ्ठी खिशात बाळगली. घड्यांवर विरली होती. ती साहेबांपुढे ठेवली, आणि साहेबांनी मोठ्याने वाचली! मग मागून एक बाई म्हणाली, "अगो बाय, मास्तराक नापास केल्यान!" सगळी कचेरी हसली. शिपाईसुद्धा. आणि मला राग आला नाही, शिवा. मीही हसलो.

साहेबांनी पहिल्या गिरणीचा जुना फॉर्म काढून सही शेजारी ठेवली. तीच दोरी, तेच कपडे. "ही एकच बाई," म्हणाले आणि शिक्का मारला. मग मान वर करून विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"दीर," मी म्हणालो. कसं निघून गेलं कोण जाणे. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी घरी. सहा आठवडे डाव्या कुशीवर, तुझ्या आईच्या हातची अळणी पेज. नर्स म्हणाली, वेळेवर झोपवलंत म्हणून निभावलं. ते ऐकून मी इस्पितळाच्या पायरीवर बसून रडलो. हेही तुला कुणीतरी सांगेलच.

शेजारच्या नलूलाही दिवस गेलेत. तिचा नवरा गिरणीत, पण ती स्वतः नाही, म्हणून नवऱ्याच्या विम्याच्या कार्डावर तिला काहीच नाही. कायदा उंबऱ्यापर्यंत येतो आणि थांबतो. तो आत यावा म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. वहिनींनी खाटेवरूनच केली, नव्या नावाने.

बाहेर आल्यावर माझी कॉलर धरायची असेल तर धर, सवय झालीय तिला. बारसं तुझ्यासाठी थांबवलंय, पण नाव आत्ताच कळव. आणि एक मागणं: ठेवशील ते जन्मभराचं ठेव. हिच्या लग्नात कुणी तांदळात दुसरं नाव काढायला लागला, तर मूठ आपटायला मी येईन.

तुझ्या लेकीचा काका,
मनमोहन

ता. क. – चिठ्ठी विम्याच्या फायलीत टाचली आहे. साहेब म्हणाले, हवी असेल तर अर्ज करा, नक्कल ठेवून मूळ कागद परत देऊ. दिवसाला वीस अर्ज लिहितो मी. तो एक लिहिलेला नाही.