पश्चिमेच्या वॉर्डाची काच

आण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायलासुद्धा काहीतरी निमित्त लागतं. यंदाचं निमित्त खिडक्यांचं आहे. विश्रामबागच्या एका हॉस्पिटलचा कारभार मी बघते, म्हणजे डॉक्टरकी सोडून बाकी सगळं माझ्या गळ्यात. पाणी, लिफ्ट, जनरेटर, चादरी, आणि कॅन्टीनच्या उपिटात मीठ जास्त झालं तरी मीच. दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेला एक मोठा वॉर्ड आहे. उन्हाळ्यात दुपार कलली की तिथं ऊन थेट पेशंटच्या अंगावर येतं, एसी नुसता घरघरतो, मॉनिटरवरचे आकडे दिसेनासे होतात. पडदे लावावेत तर ते धूळ धरतात, आणि आजारी माणसांच्या खोलीत धूळ म्हणजे पाहुणा नव्हे, चोर. म्हणून काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायचं ठरलं, आणि कुठली लावायची ते बघायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. फिल्मवाला एक तापणारा दिवा आणि काचेचे तुकडे घेऊन आला. दिव्यासमोर काच धरायची, काचेमागं आपला हात. साध्या काचेमागं हात भाजतो, फिल्म लावलेल्या काचेमागं भाजत नाही. त्याच्याकडं एक काळसर होती, एक आरशासारखी, आणि एक जवळजवळ पारदर्शक, सगळ्यांत महाग. मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या मालकांना, आरशाची आवडली. इमारत रस्त्यावरून चकाकते, दिवसा बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. मी म्हटलं, आधी त्या एका वॉर्डाला लावून बघू.

तुम्ही असता तर गालातल्या गालात हसला असता. कोयनानगरच्या क्वार्टरमध्ये तुम्हीही काचांना चिकटवतच होता की. आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवून द्यायची आणि तुम्ही प्रत्येक काचेवर कागदाच्या पट्ट्यांची फुली मारायचा, भूकंपात काच फुटली तर अंगावर येऊ नये म्हणून. स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली की मी खिडकीकडं पळायचे, आणि तुम्ही जागचे न हलता म्हणायचा, "खिडकीपासनं लांब ऱ्हा." पॉवरहाऊसमधली वायरमनची नोकरी आणि एवढं एक वाक्य, याखेरीज तुमच्याबद्दल कुणाला फार काही सांगता येत नाही. एकदा ग्रहणाला सगळी कॉलनी दारं लावून बसली होती. तुम्ही मला अंगणात उभं केलंत आणि वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढं धरलीत. आई आतून रागावतेय, आणि मी कुरतडलेला सूर्य बघतेय. मी काच जराशी बाजूला केली तशी तुम्ही माझं मनगट असं काही धरलंत की दोन दिवस दुखत होतं. मग ती काच मलाच देऊन टाकलीत. का दिलीत, ते सांगितलं नाहीत. तुमचं सगळं असंच असायचं.

फिल्म लागली आणि आठवड्याच्या आत कावळा आला. बाहेरच्या गुलमोहरावर त्याचं घरटं असावं. ऊन कललं की तो छज्ज्यावर उतरायचा आणि काचेवर चोच मारायचा. घाई नाही, राग नाही, कुणीतरी दार वाजवावं तशी टकटक, थोडा वेळ थांबून पुन्हा टकटक. मी फिल्मवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, विणीचा हंगाम आहे, त्याला आरशात दुसरा कावळा दिसतोय, भांडून भांडून जाईल." मला पटलं. पण वॉर्डातल्या माणसांना कसं पटवायचं? आजाऱ्याच्या उशाशी रोज ठरल्या वेळी कावळा येऊन दार वाजवतो, यावर आपल्याकडं लोक काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यात सिस्टरनं वेगळीच तक्रार आणली. या काचेतून येणाऱ्या उजेडात सगळेच पेशंट निळसर दिसतात, खरोखर कोण निळं पडतंय ते ओळखायचं कसं? मी जाऊन बघितलं. लख्ख दुपार, पंखे फिरतायत, कुणाची तरी सून मोसंबी सोलतेय, आणि रांगेनं सगळ्यांच्या तोंडावर प्रेतकळा. मोसंबी सोलणाऱ्या सुनेच्यासुद्धा. मी माझा हात पुढं धरून बघितला आणि पटकन मागं घेतला.

खिडकीलगतच्या खाटेवर आष्ट्याकडची एक म्हातारी होती. पाय सुजलेले, छातीत पाणी झालेलं, पण डॉक्टर म्हणत होते की खाईल-पिईल तर उठेल. कावळा आला त्या दिवसापासून तिनं जेवण सोडलं. तिचा नवरा उन्हाळ्यातच गेला होता, कधीकाळी, आणि तोच न्यायला आलाय असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. टकटक झाली की ती पदर नीट करायची आणि काचेकडं बघून हळूच म्हणायची, "येती म्या. जरा दम धरा." नव्या नवरीनं बोलावं तसं म्हणायची. तिचा मुलगा फौजेतून रिटायर झालेला, उंचापुरा माणूस. तो माझ्या टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला, घरी नेतो, मरायचंच आहे तर दारात मरू दे. मी चार दिवस मागून घेतले. कशाच्या जोरावर मागितले, देव जाणे.

आण्णा, खरं सांगायचं तर त्या टकटकीचा मलाही त्रास होत होता, आणि तो म्हातारीमुळं नव्हे. तुमच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. नदीकाठी पिंड ठेवला, सगळे मागं सरले, समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. साताऱ्याच्या हॉस्पिटलात शेवटी तुमची वाचा गेली होती. तुम्ही नुसतं खिडकीकडं बोट करायचा. खिडकीवर उन्हासाठी वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. आईला वाटलं तुम्हाला ऊन लागतंय, तिनं अजून एक कागद लावला. चुलते म्हणाले, बोट गावाकडं आहे, जमिनीचं काहीतरी मनात आहे. तुम्ही बोट खाली घेतलं नाहीत. मग नदीवर एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगायला लागला. जमिनीचं बघतो, घराचं बघतो, पोरीचं लग्न करून देतो. पोरगी मी, तिथंच मागं उभी. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला गेले. तुमचं काय राहिलं होतं ते कुणालाच कळलं नाही. आई जाईपर्यंत हाच एक विषय काढायची, आणि तिच्यानंतर तो काढायला मीच उरले.

तर चौथ्या दिवशी मी म्हातारीच्या खाटेवर जाऊन बसले. तिला काचेचं सगळं सांगितलं. बाहेरून हा आरसा आहे, आज्जी. त्याला तुम्ही दिसत नाही, मी दिसत नाही, त्याचा तोच दिसतो. म्हातारी शहाणी. तिनं नीट ऐकून घेतलं, मान हलवली. मग माझा हात धरून मलाच समजावल्यासारखी म्हणाली, "त्ये कळलं वो. आता म्या बी समदं बघितलंय. ह्यो माझा मालक न्हाई. तुमी आत आलासा की ह्यो टोचायचा थांबतोय. तुमी तिकडं गेलासा की तिकडच्या काचंला जातोय. तुमचं कोण हाय का, म्हागं ऱ्हायल्यालं? इचारून बघा की." आणि तिनं सुनेकडं पेज मागितली. वाटीभर प्यायली, आणि अजून मागितली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलेलं मला समोर दिसत होतं.

मी उठले आणि वॉर्डातून चालायला लागले, उगीच, खाटांचे कागद बघितल्यासारखं करत. कावळा पहिल्या खिडकीवर होता. मी मधल्या खिडकीपाशी आले, तो मधल्या छज्ज्यावर. मी शेवटच्या खाटेपाशी थांबले, तो शेवटच्या काचेपाशी, मान तिरकी करून. त्याला आतलं दिसत नव्हतं, आण्णा. बाहेर ऊन होतं, आत सावली. मी स्वतः खाली रस्त्यावर उभी राहून ती काच तपासली होती, त्यातून काही म्हणजे काही दिसत नाही. मी तिथंच उभी राहिले. ऊन गेलं, दिवेलागण झाली, मावशींनी वॉर्डातले दिवे लावले, आणि ही फिल्म अंधार पडला की उलटते. आता बाहेरच्याला आतलं दिसतं आणि आतल्याला नुसतं स्वतःचं तोंड. मला माझं तोंड दिसत होतं, पन्नाशी उलटलेलं. आणि माझ्या तोंडाच्या पलीकडून टकटक झाली. मला भीती वाटली. पण भीतीहून जास्त बरं वाटलं, सासरी कुणीतरी माहेरचं आल्यासारखं. मी तोंड उघडलं, तुमचं काय राहिलं होतं ते विचारावं म्हणून. पण आजूबाजूला पेशंट होते, त्यांची माणसं होती, मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. मला विचारता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं की आरशाची फिल्म हॉस्पिटलला चालणार नाही. पेशंटचा रंग खरा दिसला पाहिजे, आणि पडल्या जागेवरून आभाळ दिसलं पाहिजे. ते कुरकुरले, पण सिस्टर माझ्या बाजूनं होती. फिटरनं साबणाच्या पाण्यानं आणि पात्यानं सगळ्या काचा खरवडल्या आणि पारदर्शक फिल्म बसवली. ऊन आत येतं, पण भाजत नाही. माणसं पुन्हा माणसांच्या रंगाची झाली. कावळा एकदा आला, काचेतून सरळ आत बघितलं, आणि गेला तो पुन्हा आला नाही. म्हातारी स्वतःच्या पायांनी चालत गाडीत जाऊन बसली. जाताना म्हणाली, इचारलंसा का? मी गाडीचं दार लावून घेतलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? लिहून झालं की फाडून टाकेन. पण एक सांगून ठेवते. आरशाच्या फिल्मचा एक तुकडा उरला होता. तो मी फिटरला माझ्या ऑफिसच्या खिडकीला लावायला सांगितला. तो म्हणाला, मॅडम, ही खिडकी उत्तरेला, इथं ऊन कुठं येतंय? मी म्हटलं, तू लाव. आता सगळे घरी गेले की मी दार लोटून घेते, दिवा लावते आणि खिडकीकडं तोंड करून बसते. इथं दुसरं कुणी नसतं, विचारायला हरकत नाही. अजून कुणी आलेलं नाही, आण्णा.