सोनीचं राखेचं घमेलं

६ नोव्हेंबर
हिचं, शालनचं, तेरावं झालं. पाहुणे गेले. लेक रेखा आणि जावई प्रमोद दुपारी बेळगावला परत. निघताना रे. म्हणाली, आप्पा, आता जोयड्यात एकटं राहायचं नाही, आमच्याकडं यायचं. मी हो म्हटलं. मग सोनीचं काय? शा.ची मांजरी. रे.चा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. विहीणबाई म्हणाल्यात, मांजर चालेल, तिच्या शी-शूचं राखेचं घमेलं घरात चालणार नाही. इथं सोडून जावी तर घर रानाच्या कडेला. शेजारचं कुत्रं गेल्या वर्षी बिबट्यानं अंगणातून नेलं.
प्र. म्हणाला, मामा, आपोआप साफ होणारी पेटी मिळते, ती घेऊ. हात लावायचीसुद्धा गरज नाही.
बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

७ नोव्हेंबर
काल लिहायचं राहिलं. शा. जिथं गेली तिथं दिव्यापाशी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घातली होती. कसलं पाऊल उमटतं, पुढचा जन्म कसला, ते बघायला. काल सकाळी बघतो तर टोपली कलंडलेली. पिठात खड्डा, आणि खड्डा व्यवस्थित बुजवलेला. सोनीनं ते आपलं घमेलं समजून सगळं उरकलं होतं. खानापूरहून आलेली शा.ची आक्का वाकून बघायला लागली. मग म्हणाली, "आता ह्येचा अर्थ काय काढायचा गं बाई?" रे.ला हसू फुटलं. हसता हसता रडायला लागली.
पीठ मीच भरून बाहेर टाकलं. हाताला सवय आहे.

९ नोव्हेंबर
प्र.नं फोनवर पेट्यांचे व्हिडिओ पाठवले. दोन जाती. एक गोल पिंपासारखी. मांजर बाहेर आलं की पिंप फिरतं, माती चाळली जाते, घाण खालच्या कप्प्यात. दुसरी उघडा ट्रे, त्यात फणी सरकते आणि घाण ओढून झाकणाच्या खणात टाकते. पिंपवाली मांजर कितीदा गेलं, वजन किती, सगळं फोनवर सांगते. फणीवाली काही सांगत नाही.
दोन्हीत राख चालत नाही. ओलं झालं की गोळा होणारी माती लागते.
जेवण केलं नाही. पेज होती ती प्यालो.

१२ नोव्हेंबर
बेळगावला जाऊन दुकानात बघून आलो. प्र. सोबत होता. दुकानदार पोरसवदा, पण नीट दाखवलं. पिंप फिरवलं, फणी चालवली. मला विचारलं, काका, मांजराचं वजन किती? मला ठाऊक नव्हतं. म्हणाला, फार हलकं असलं तर पिंपाला कळत नाही आत मांजर आहे ते. अशाला आपोआप ठेवू नका, ते बाहेर आल्यावर बटण तुम्हीच दाबा.
प्र. म्हणाला, मग आपोआप कसलं?
मी फणीवालीबद्दल विचारलं, खणात काय पडलं ते दिसतं का? म्हणाला, आठवडाभर बघायचीच गरज नाही काका, तोच तर फायदा.
शा. असती तर तिनं तिथंच बोलून दाखवलं असतं. न बघता ती बरी आहे का ते कळायचं कसं?

१३ नोव्हेंबर
सोनीला पिशवीत घालून नाक्यावरच्या किराणा दुकानात नेलं. दुकानदारानं गुळाच्या ढेपा बाजूला करून काट्यावर ठेवली. म्हणाला, "मास्तर, लई उतरलीया. बांधून देऊ का अजून थोडी घालू?" मी मास्तर नव्हे, तालुका कचेरीत कारकून होतो, पण चष्मा बघून तो मला मास्तरच म्हणतो. शा. असताना मांडीवर जड लागायची सोनी. आता नुसती कातडी.
म्हणजे पिंप नको. फणीवाली घ्यायची. उघडी आहे, सोनी अडकली तर उडी मारून बाहेर तरी पडेल. प्र.ला कळवलं.

१६ नोव्हेंबर
घमेल्यात राखेबरोबर थोडी दुकानातली माती मिसळायला सुरुवात केली. सोनी वास घेते, माझ्याकडं बघते, मग जाते.
शा. अंथरुणाला खिळली तेव्हा पहिल्यांदा घमेल्याला हात लावला. तोवर कधीच नाही. पहिल्या दिवशी ओकारी आली होती. मग शा.चंही करायला लागलं. तिला फार लाज. तोंड भिंतीकडं करायची. एकदा मी भांडं घेऊन गेलो तर म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. तिचं आधी काढा. मला तोंड हाय, तिला न्हाई."
तेव्हापासून तोच क्रम. आधी सोनीचं, झाऱ्यानं चाळून, उजेडात धरून बघायचं. मग शा.ला जाऊन सांगायचं, आज बरी आहे. मग तिचं.
आता सांगायला...

२० नोव्हेंबर
पेटी आली. प्र. बसवून गेला. शा.चा पलंग होता त्या खोलीत नको म्हटलं, माजघरात ठेवली. अजून चालू करायची नाही, आधी सवय होऊ दे म्हणाला. घमेलं परसात नेऊन ठेवलं.

२२ नोव्हेंबर
सोनी गेली नाही. काल नाही, आज नाही. पेटीभोवती फिरते, बसते. पोट घट्ट लागतं हाताला. रे. फोनवर म्हणाली, भूक लागली की खाते तसं, लागलं की जाईल.
संध्याकाळी चुलीतली मूठभर राख मातीवर टाकली. लगेच गेली. मी तिथंच खाली बसून राहिलो.

२४ नोव्हेंबर
पेटी चालू केली. सोनी बाहेर आल्यावर थोडा वेळ थांबते, मग फणी घरघरत निघते. अर्ध्यात करंट गेला. फणी ट्रेच्या मधोमध उभी. सोनी माळ्यावर चढून बसली ती तिन्हीसांजेला खाली आली.

२७ नोव्हेंबर
आता पळत नाही. लांबून बघते. शिकली म्हणायला हरकत नाही. रे.ला सांगितलं. फार खूश झाली. म्हणाली, खण भरला का? मी म्हटलं, अजून नाही.
खरं म्हणजे फणी निघायच्या आत मी प्लग काढतो. झाऱ्यानं काढून बघतो. मग प्लग लावतो. आज बरी आहे.

३० नोव्हेंबर
प्र. एकटाच आला, सामान किती आहे ते बघायला. चहा ठेवेपर्यंत त्यानं पेटीचा खण ओढला. कोरा. दुकानातून आणलेला तसा.
"मामा, चालू हाय न्हवं ही?"
"हाय."
"मग सगळं जातंय कुठं?"
मी म्हटलं, मी काढतो. एवढंच.  शा.चं ते बोलणं त्याला कधी सांगितलं नव्हतं, आजही सांगितलं नाही. तो खण हातात धरून तसाच उभा राहिला. वाटलं, आता पैशाचं बोलेल, त्याच्या आईच्या अटीचं बोलेल.
म्हणाला, "पेटीचं ऱ्हाऊ द्या. तुम्ही येणार का न्हाई तेवढं सांगा. रेखा रोज तुमची खोली पुसून घेतीया."
तेवढ्यात सोनी पेटीत गेली.  तिचं होऊन ती बाहेर आली, पाय झाडले. मी उठायला लागलो, गुडघा धरला. तोवर त्यानं वाकून प्लग काढला, झारा माझ्या हातात दिला आणि बॅटरीचा उजेड धरला.
मी दाखवलं त्याला, काय बघायचं ते.
मंगळवारी गाडी घेऊन येतो म्हणाला. मी बरं म्हटलं नाही. नको असंही म्हटलं नाही.