म्हटलं तेवढंच

अव्वा, परवा एका बाईनं माझी पार अब्रू काढली, आणि तिचं एकेक वाक्य मीच मराठीत करून मालकांना सांगितलं. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. कुणाला सांगू आणि किती सांगू असं झालंय. घरात सगळ्यांना दोनदा सांगून झालं, शेजारच्या काकूंना झालं, भाजीवालीनंसुद्धा मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं. तू तेवढी राहिलीस, आणि खरं तर पहिल्यांदा तुलाच सांगायला हवं होतं.

तू गेलीस तेव्हा माझं कॉलेजही संपलं नव्हतं, त्यामुळं तुला मुळापासून सांगावं लागेल. मी शिरोलीच्या बाजूला एका कारखान्यात नोकरीला आहे. आमच्याकडं उसाचे चरक होतात, गुऱ्हाळाला लागतात ते. पूर्वी ते राधानगरीपासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंत जायचे, आता बोटीत बसून कोलंबियाला जातात. कोलंबिया कुठं, तर अमेरिकेच्या खाली, इथून निघालेला माणूस दोन दिवसांनी पोचतो. पण अव्वा, तिथं गूळ करतात! आपल्यासारखाच, ऊस गाळून, चुलवाणावर काहील ठेवून, मळी काढून. ढेपा लहान असतात आणि गुळाला पानेला म्हणतात, एवढाच काय तो फरक. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच मोठ्यांदा हसले होते. मी तिथं चलनं फाडायच्या कामाला लागले होते. कोलंबियाचे मेल यायचे ते सगळे स्पॅनिशमध्ये, आणि धाकटे मालक, म्हणजे मालकांचा मुलगा, फोनमधून भाषांतर करून काहीबाही उत्तर धाडायचे. तिकडून उलटं विचारणं यायचं, की तुम्ही हे नक्की काय लिहिलंय? एक दिवस मी म्हणाले, मी शिकते. मग काय, भाकरी थापताना कानात स्पॅनिश, गाडीवर स्पॅनिश, कपडे वाळत घालताना स्पॅनिश. पुण्याच्या एका बाईंकडं संगणकावरून शिकवणी लावली, परीक्षा दिली. घरातले म्हणायचे, हिला येड लागलंय. लागलंच होतं. हळूहळू मेल माझ्याकडं आले, फोन आले, आणि चरकासोबत जातं ते माहितीपुस्तक स्पॅनिशमध्ये लिहायचं कामही आलं. ते मी जीव ओतून लिहिलं, अगदी शुद्ध, अगदी सभ्य.

आता झालं असं, की तिकडं पाठवलेल्या चरकांचे गिअर फुटले. गूळ करणाऱ्या शेतकऱ्यांचा तिकडं एक संघ आहे, त्याच्या प्रमुख बाई स्वतः कोल्हापूरला यायच्या म्हणाल्या. पुढचे चरक आमच्याकडून घ्यायचे की आमच्या नावावर काट मारायची, हे त्या इथं येऊन ठरवणार होत्या. धाकटे मालक म्हणाले, पुण्याहून दुभाषी बोलवू. मी म्हणाले, मी करते. मालकांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "करू दे की तिला," म्हणाले, "पण म्याडम, हितं घोळ झाला तर मग मेल बी पुण्यालाच जातील, सांगून ठेवतो." म्हणजे मी परत चलनं फाडायला. त्या दिवसापासून मला सारखी आपली पिठाची गिरण आठवत होती.

तू सीमेपलीकडून लग्न होऊन या गावात आलेली, इतक्या वर्षांनीही मराठी कानाला लागलेली नाही, आणि अप्पा दिवसभर गुळाच्या बाजारात. गिरणीत तू आणि शाळा सुटून आलेली मी. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून तू कानडीत बोलतेस आणि मी ते दळण घेऊन आलेल्या बायकांना मराठीत सांगते. एक बाई पिठाचा डबा परत घेऊन येते. माझ्या वर्गातल्या मुलीची आई. "पीठ जाडं आलंय, चिकाट बी झालंय, परत दळून द्या," म्हणते. तू पीठ चिमटीत धरतेस आणि मला सांगतेस, तिला म्हणावं गहू ओले होते, वाळवायचा आळस केलास आणि गिरणीला कशाला बोल लावतेस? मला कसंतरी होतं. मी म्हणते, "अव्वा म्हणत्यात चुकलं, परत दळून देतो." बाई हसते. तू लगेच गिरण बंद करतेस. "ना हेळिदष्टे हेळु," म्हणतेस, मी म्हटलं तेवढंच सांग. मी म्हणते, तेवढंच सांगितलं की. "ती हसली," तू म्हणतेस, "मी जे बोलले त्यावर कुणी हसत नसतं." तुला मराठी कळत नव्हती, पण तोंडं बरोबर वाचता यायची. मग तू जे म्हणालीस ते मला त्या वेळी नुसतं रागावणं वाटलं होतं. मला या गावात जन्म काढायचाय, म्हणालीस, लोकांना मी कळायला पाहिजे, तू नव्हे. आणि त्या बाईसमोर मला सगळं परत, जसंच्या तसं म्हणायला लावलंस. "लई फटकळ हाय की गं तुजी आई!" म्हणून बाई तणतणत निघून गेली. पुढच्या खेपेला ती कडकडीत वाळवलेले गहू घेऊन आली आणि डबा आपटून म्हणाली, "बघ म्हणावं आता." त्यानंतर ती दुसऱ्या गिरणीत गेली नाही.

तर परवा कोलंबियाच्या बाई आल्या. पांढरे केस बारीक कापलेले, हात कामाचे, आणि आवाज असा की मशीनशॉपमधल्या पोरांनी माना वर करून बघितलं. आमच्याकडं कुणी आलं की आधी गूळ-पाणी देतात, तसं त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी खडा तोंडात टाकला, पाणी प्यायल्या आणि एकदम उभ्याच राहिल्या! त्यांच्या घरीसुद्धा पाहुण्याला पहिलं हेच देतात, फक्त गूळ पाण्यात विरघळवून, गरम. हे मी मालकांना सांगितलं तर मालक खुर्चीतून ओरडले, "मग ह्या पावण्या कसल्या, ह्या तर घरच्याच!" ते मी स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि बाई खदखदा हसल्या. तिकडच्या डोंगरात म्हणे घरच्या कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतात, पण त्याच 'तुम्ही'मध्ये कडकडून भांडतातही, आणि राजधानीतल्या लोकांना वाटतं ही माणसं सदा तापलेली. मला इतकं ओळखीचं वाटलं म्हणून सांगू!

मग गिअरचा विषय निघाला. मालक म्हणाले, "त्यास्नी सांग, चरक फुटला न्हाय, ह्यांच्या हावरटपणानं फोडलाय. रसाचा शेवटचा थेंब पायजे म्हणून ऊस पिळायच्या लाटा आवळत बसल्यात. लोखंड हाय ते, रबर न्हाय." धाकटे मालक माझ्याकडं बघून डोळ्यांनी विनवत होते, जरा गोड कर, जरा गोड कर. दुभाष्यानं बोलणाऱ्याच्या जागी 'मी' म्हणून बोलायचं असतं, तसं मी बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाले, तुमच्या हावरटपणानं फुटलाय. मी मनात म्हटलं, संपलं. तर त्या म्हणाल्या, "खरं आहे. मी आमच्या माणसांना हेच सांगून दमले." आणि पिशवीतून त्यांनी माझं माहितीपुस्तक काढून टेबलावर आपटलं.

अव्वा, काय काय बोलल्या म्हणून सांगू. हे कुणी लिहिलंय? यात मला विनंती केलीय. लाटा आवश्यकतेपेक्षा अधिक न आवळण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. घामानं निथळत चरकात ऊस घालणाऱ्या माणसाला कुणी नम्र विनंती करतं का? त्याला सांगा, अजून एक फेरा आवळलास तर गिअर फुटेल! हे चरकाचं पुस्तक नाही, लग्नपत्रिका आहे. लिहिणाऱ्यानं जन्मात गुऱ्हाळ बघितलेलं नाही. मालकांनी मला सांगितलं होतं तेव्हा ते साध्या शब्दांत म्हणाले होते, जास्त आवळलं तर फुटंल. त्याची नम्र विनंती मी केली होती, मीच.

"काय म्हणत्यात?" मालकांनी विचारलं. त्या खोलीत स्पॅनिश कळणारी मी एकटी होते. माझ्या तोंडात वाक्य तयारसुद्धा झालं होतं, पुस्तकात थोडी सुधारणा हवी असं म्हणतात. कुणाला कळलं असतं? पण बाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या मालकांच्या तोंडाकडं बघत होत्या, वाट बघत, आपलं बोलणं त्या तोंडावर कधी उमटतं याची. तसं बघणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय. मी सगळं सांगितलं. लग्नपत्रिकेसकट, गुऱ्हाळासकट, काही गाळलं नाही. मालकांचा चेहरा लालभडक झाला. "आन् कुनी लिवलंतं ते पुस्तक?" "मी," म्हणाले. धाकटे मालक खिडकीबाहेर बघायला लागले. खोलीत बोललेलं सगळं दोन्हीकडं पोचवायचं असतं, म्हणून मी बाईंकडं वळून तेही स्पॅनिशमध्ये सांगितलं, की मालकांनी विचारलं कुणी लिहिलं, आणि मी म्हणाले मी.

बाईंनी पहिल्यांदा मला नीट न्याहाळलं. "आणि तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत? लग्नपत्रिकासुद्धा?" मी म्हणाले, लग्नपत्रिकासुद्धा. त्यांनी परत मालकांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "दिसतंय." मग अशा हसायला लागल्या की त्यांना बघून मालकही हसायला लागले, कशाला ते न कळताच. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मग सकाळपासून तुम्ही जे जे सांगितलंत ते सगळं खरंच असणार. आता व्यवहाराचं बोलू." बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. दोघंही मोठ्या आवाजाची, दोघंही एकमेकांचं वाक्य तोडणारी, आणि मधे मी, दोन्ही बाजूंनी ओरडत. गिरणीत ओरडून कमावलेला घसा कामाला आला. चरक आमच्याकडूनच घ्यायचे ठरले, पण एक अट. पुस्तक नव्यानं लिहायचं, तिथं येऊन, चालत्या चरकासमोर उभं राहून, आणि लिहायला हीच पाहिजे. ही अट त्यांच्या वतीनं मालकांना सांगितली आणि त्यांच्याकडं बघत राहिले. "मग जा की!" मालक ओरडले, "माझ्याकडं काय बघतीस? जा, गुऱ्हाळ बघ, जरा हात भाजून घे आन् मग लिव!"

मी चाललेय, अव्वा! पासपोर्टचं काम सुरू झालंय, नवऱ्यानं थंडीचे कपडे काढून ठेवलेत आणि मी त्याला सारखी सांगते की तिथं गुऱ्हाळावर उकडतं. अप्पांचा जन्म गुळाच्या बाजारात गेला, आणि मी गुऱ्हाळावर गेले ती फक्त गरम गूळ खाण्यापुरती. आता पृथ्वीच्या पलीकडं जाऊन चुलवाणापुढं उभी राहणार. भीती वाटते, नाही असं नाही. पण हा आनंद भीतीला पुरून उरतोय.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि ती मी घरात कुणाला सांगितलेली नाही. मी स्पॅनिश लिहिते, इंग्रजी लिहिते, हे तुला मराठीत लिहितेय. तू पुढं मराठी बोलायला शिकलीस, पण वाचलंस ते आयुष्यभर कानडीच. आणि मला कानडी बोलता येतं, लिहिता येत नाही. तुझी बाराखडी मी कधी गिरवलीच नाही. त्यामुळं हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलंच, तरी कुणीतरी शेजारी बसून ते तुला कानडीत करून सांगायला लागेल, आणि आपल्या घरात ते काम करणारी मी एकटीच होते.