फ्रीजवरचा बोर्ड आणि पहिला धोंडा

१७ मे २०२६, रविवार, सकाळी ७.१०
आजपासून अधिक महिना. लग्नानंतरचा आमचा पहिलाच. म्हणजे माहेरी, घोडेगावला, अण्णा-आई जावयाला धोंड्याचं जेवण घालणार. मुदत १५ जून. रविवार पाच, काम एक. मार्जिन भरपूर.

फ्रीजवर व्हाइटबोर्ड लावला. पाहुण्यांबद्दलचा प्रत्येक निर्णय दोघांनी मिळून, चोवीस तास विचार करून, खाली दोघांच्या सह्या. आमच्या डेअरीच्या लॅबमध्ये दोन सह्यांशिवाय दुधाचा टँकर रिकामा होत नाही. घर तर त्याहून सोपं. हर्षल लगेच हो म्हणाला. मोबाईलमधून मान वर केली नाही, पण उच्चार स्पष्ट होता.

पहिली नोंद: घोडेगाव, २४ मे. मी सही केली. तो नंतर करणार आहे.

२० मे
सासूबाई शेवगावहून आल्या. दोन दिवसांसाठी. पिशव्या सहा.

रुपालीताई आणि कल्याणरावांचा धोंडा इथेच, संगमनेरला, २४ ला. लेक-जावयाला नाशिकहून हे जवळ पडतं, असं सासूबाई म्हणाल्या. हर्षलने बहिणीला परवाच फोनवर सांगून टाकलं होतं, त्यामुळे चोवीस तास मिळाले नाहीत. तरी बोर्डावर लिहिलं, सही केली. पद्धत मोडली नाही.

अण्णांना कळवलं. म्हणाले, व्हय व्हय, आधी त्यांच्या लेकीचं होऊ दे. आपलं ३१ ला करू.

२४ मे, दुपारी ४
तेहतीस धोंडे तळले. पुरण वजन करून भरलं. सासूबाई म्हणाल्या, काटा लॅबमध्ये ठेव, पुरण हाताला कळावं लागतं. रुपालीताई बोर्ड बघून म्हणाली, वहिनी, नशीबवान आहेस, दादा तुला विचारल्याशिवाय काही करत नाही.

हे बाहेरच्या माणसाच्याही लक्षात येतं.

२९ मे
३१ ला कल्याणरावांचे आईवडील येणार. हर्षलचं म्हणणं, व्याह्यांना नाही कसं म्हणायचं. बरोबर आहे. एकमत. सही केली. त्याची राहिली, हात ओले होते.

घोडेगाव ७ जून.

६ जून
सासूबाईंची कंबर धरली. दोन दिवसांपैकी आज अठरावा. हर्षल म्हणाला, आईला असं टाकून जेवायला जायचं का, तूच ठरव. मी ठरवलं. सही.

अण्णांनी विचारलं, जावयांचं शर्टाचं माप चाळीसच ना, शिवून आलाय. आई मागून बोलली, अनारशाचं पीठ अजून किती दिस ठेवू, विचारा तिला. १४ तारीख पक्की सांगितली. रविवार एकच उरला आहे. लागतोही एकच.

१३ जून, संध्याकाळी ६
कंबर बरी. उद्या सासूबाईंना नाशिकला रुपालीताईकडे सोडायला हर्षल जाणार. मी म्हटलं, हे बोर्डावर नाही. त्याने मार्कर हातात दिला, म्हणाला, मग लिही ना. चिडला वगैरे नव्हता.

लिहिलं. सही करावी का, यात चार मिनिटं गेली. केली. नाहीतर नोंद अपुरी राहते.

अण्णांना फोन केला. बरं, म्हणाले.

१४ जून, दुपारी ४
साडेबाराला अण्णा एसटीने आले. एका हातात डबा, दुसऱ्यात शर्टाची पिशवी. जेवायला नको म्हणाले, जावई घरात न्हाईत. पाणी प्यायले. चष्मा लावून बोर्ड वाचला, वरून खालपर्यंत.

म्हणाले, सगळीकडं तुझीच सही हाय गं.

हर्षलच्या राहिल्यात, म्हटलं.

चष्मा खिशात ठेवत म्हणाले, आमाला वाटलं हुतं जावयांनाच यायचं न्हाई.

तीनच्या गाडीने गेले.

१५ जून
अधिक संपला. पुढचा २०२९ मध्ये.

शर्ट कपाटात ठेवला, वरच्या कप्प्यात. माप बरोबर आहे.

ऑफिसातून आल्यावर हर्षलने डबा उघडला. दोन अनारसे खाल्ले. जाळी काय पडलीय, म्हणाला. रुपालीने दिले का, विचारलं.

हो म्हटलं.