ऐकण्यापुरती फोडणी

नाना, टीव्हीवर पाककृती शिकवणाऱ्या बाईंविरुद्ध मला एक गंभीर तक्रार गुदरायची आहे, आणि ती ऐकून घेण्याच्या योग्यतेचा माणूस तुमच्यामागे उरलेला नाही. बाई रवा मोजतात, तेल मोजतात, बदामाचे काप किती पातळ हवेत तेही सांगतात, आणि ऐन मोक्याला गोड हसून म्हणतात, "मीठ चवीनुसार." कुणाच्या? बाईंच्या, खाणाऱ्याच्या, की पन्नाशीत पहिल्यांदा उलथनं हाती धरलेल्या संस्कृतच्या मास्तराच्या? सूत्र कसं निःसंदिग्ध हवं, असं तुम्ही धुळ्याच्या पाठशाळेत आम्हा विद्यार्थ्यांना बजावायचात. या बाई तुमच्या वर्गात असत्या तर बाहेर उभ्या राहिल्या असत्या. पण कसलं काय, त्यांना तुम्ही सगळं माफ केलं असतंत. मी शेवभाजीचं नाव काढलं तेव्हा मात्र म्हणाला होतात, "जिभेला लगाम घाल, नाहीतर ती तुला बाजारभर ओढत नेईल."

काकू गेल्यावर तुम्ही जळगावला आमच्या मागच्या खोलीत राहायला आलात आणि डॉक्टरांनी मीठ, तेल, तिखट तिन्ही बंद केलं. जीभ जिंकायची आयती संधी! पण जितेंद्रिय महाराज ताटच बाजूला सारू लागले. अळणी वरण, उकडलेला दुधी, दादर ज्वारीची भाकरी. "भूक नाही रे." ही दाराआडून बघायची आणि ताट जसंच्या तसं आत न्यायची. तुमच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं होतं. मला काय करावं सुचत नव्हतं, तेवढ्यात घरी टीव्ही आला. दुपारी तो पाककृतींचा कार्यक्रम लागला, तुम्ही समोर ताट घेऊन बसला होतात, आणि कढईत मोहरी तडतडली तसा तुमचा हात आपोआप तोंडाकडे गेला. मग तो नेमच झाला. तिकडे बाई रस्सा ढवळतायत, इकडे तुम्ही दुधी चावताय. ही धरणगावची, जिभेला हाड नाही; ती म्हणायची, "नाना, ती बाई काय आपले वाटी धाडी का?" त्यावर तुमचं अलंकारशास्त्र: "पोरी, नाटकात राजा रडतो, पण रस त्याला नसतो. रस बघणाराला. ती बाई नुसती शिजवते, जेवतो तो मी." एकदा बाईंनी भरताची वांगी गॅसवर भाजली आणि वर साखर घातली. तुम्ही उठून उभे राहिलात. "भरतात साखर! बंद कर ते!" मी उठलो, तर लगेच, "नको, राहू दे. शेवटी काय करते ते बघू."

आणि तो वीज गेल्याचा दिवस. बाई तेल तापवतायत, मोहरीची वाटी हातात घेतायत आणि पडदा काळा. तुमच्या हातातला घास हातातच. तुम्ही तो ताटात ठेवलात आणि ताट सारलंत. मी वायरमनच्या नावानं बोटं मोडत होतो. ही आत गेली. थोड्या वेळानं लोखंडी पळी फडक्यात धरून बाहेर आली. पळीत तेल, मोहरी, लसूण, लाल मिरची, सगळं तडतडतंय. तुमच्या कानाशी पळी धरून म्हणाली, "आइका, नाना." ताटात थेंबही पडू दिला नाही तिनं. तडतड थांबेपर्यंत तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग जेवलात. ती पळी परत घेऊन जाताना विचारते, "बठ्ठं सरनं का?" आणि तुम्ही शाळकरी पोरासारखं रिकामं ताट वर करून दाखवता.

आता केबल आली आहे, स्वयंपाक दिवसभर चालू असतो. बघणारी ही आहे. दिवाळीपासून ती आजारी आहे. औषधांनी तोंडाची चव पार गेली, मीठ आणि साखर सारखीच लागते म्हणते. खाटेवर पडून ती बाईंचं सगळं शेवटपर्यंत बघते, मी तेच रांधून आणतो, आणि ताट परत जातं. म्हणून तर मिठाचा एवढा राग. काल मी तीच पळी काढली, तापवली आणि तिच्या कानाशी नेली. ती हसली. "करपनी ना राई, मास्तर!" म्हणाली. मग थोडा भात खाल्ला, पण पळीकडे किंवा टीव्हीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत.

तेव्हापासून तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी तुम्ही खरंच फोडणीमुळे जेवलात, की ती पोर पळी घेऊन उभी होती म्हणून? कसेही जेवला असाल, त्यानंतर तुम्ही बरेच उन्हाळे काढलेत, एवढं मी धरून बसलो आहे.

हे पत्र पेटीत टाकायचा प्रश्न नाही. हिला वाचून दाखवावं असं मनात होतं, वाक्यावाक्याला चुका काढत ऐकलं असतं तिनं. पण आता तेही जमणार नाही, कारण पुढची ओळ तिच्यासमोर वाचता येणार नाही. नाना, ती माझ्यासाठी जेवते आहे, आणि तेवढं पुरणार नाही याची मला भीती वाटते.